वाचकांचे प्रश्न : न सोडलेले दहा लाख किरण

गेल्या अंकातील टिपणात मी ओघात एक वाक्य लिहिले होते, की अणुगर्भ आणि मूलकण यांच्या अभ्यासात आज जितका वेळ उपकरणांपुढे जातो, तितकाच संगणकापुढेही जातो. त्या एका वाक्यावर इंदूरच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. काहींत कुतूहल आहे, काहींत शंका आहे, आणि एका पत्रात तर सरळ आक्षेप आहे. त्यांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

रामबागेतील एका वाचकांचे पत्र : माझा पुतण्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतो. दिवाळीला घरी आला तेव्हा सांगत होता, की शिशाच्या भिंतीवर दहा लाख गॅमा किरण सोडले आणि किती पार गेले ते मोजले. कुठे सोडले असे विचारल्यावर म्हणाला, लॅपटॉपवर. याला प्रयोग म्हणायचे की हिशेब? आणि लॅपटॉपवरच उत्तर मिळत असेल, तर कोट्यवधी रुपयांची यंत्रे कशासाठी?

उत्तर : आपल्या पुतण्याने जे केले त्याला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात, आणि ती समजून घेण्यासाठी लॅपटॉप नसला तरी चालतो, लुडोचा फासा पुरतो. सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्यातून ६६२ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. अशा किरणांपुढे शिशाचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा थर ठेवला, तर साधारण सहापैकी एक किरण त्या थरात अडतो. म्हणून प्रत्येक किरणासाठी, प्रत्येक थराला एकदा, फासा टाकावा. एक पडला तर किरण अडला, अन्य काही पडले तर पुढच्या थरात गेला. असे चार थर, म्हणजे एकूण सहा मिलिमीटर शिसे, ओलांडणारे किरण मोजावेत. साठ किरणांचा खेळ पुरा केलात तर एकोणतीसच्या आसपास पार गेलेले आढळतील. ते नेमके एकोणतीसच असतील असे नाही. पंचवीसही येतील, तेहतीसही येतील, आणि दोन-तृतीयांश वेळा आपला आकडा या दोहोंच्या दरम्यान असेल. फाशाने आपल्याला उत्तरही दिले आणि त्या उत्तरावर किती विसंबावे हेही सांगितले. ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी मोलाची नाही.

आता आपण म्हणाल, की पाच-षष्ठांशाचा चौथा घात काढला की हे उत्तर कागदावरच मिळते, मग फासा कशाला? इथपर्यंत ते खरे आहे. परंतु अडलेला प्रत्येक किरण नाहीसा होत नाही. त्यांतील बरेच किरण इलेक्ट्रॉनवर आपटून, थोडी ऊर्जा गमावून, भलत्याच दिशेला वळतात. याला कॉम्प्टन परिणाम म्हणतात. वळलेला किरण पुन्हा आपटतो, पुन्हा वळतो, कधी मागे येतो, कधी भिंतीच्या कडेने बाहेर पडतो, आणि त्याची ऊर्जा बदलल्यामुळे पुढच्या थरात अडण्याची त्याची शक्यताही बदललेली असते. भिंतीत एक भोक असेल, भोकातून तार जात असेल, मागे काँक्रीटचा खांब असेल, तर कागदावरचे सूत्र हात टेकते. अशा वेळी एकेका किरणाचा प्रवास पायरीपायरीने चालवून पाहणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो, आणि तो लाखो वेळा चालवण्याचे काम संगणक न कंटाळता करतो.

या पद्धतीचा जन्म पत्त्यांच्या डावातून झाला. पोलिश गणितज्ञ स्टानिस्लाव उलम १९४६ साली आजारातून उठत असताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडून बसत. डाव सुटण्याची शक्यता किती, हे गणिताने काढण्याचा प्रयत्न करून ते थकले. तेव्हा त्यांच्या मनात आले, की शंभर डाव मांडून किती सुटतात ते मोजलेले काय वाईट? न्यूट्रॉन पदार्थातून कसे पसरतात हा प्रश्न त्या काळी लॉस अलामॉस या अमेरिकेतील अण्वस्त्र-प्रयोगशाळेत सर्वांच्या डोक्यात होताच. उलम यांनी ही कल्पना गणितज्ञ जॉन फॉन नॉयमान यांच्यापुढे मांडली, १९४७ मध्ये फॉन नॉयमान यांनी तिची सविस्तर आखणी केली आणि पुढच्या वर्षी एनिअ‍ॅक या संगणकावर ती चालवून पाहिली गेली. मॉन्टे कार्लो हे मोनॅकोतील कॅसिनोवरून आलेले जुगारी नाव त्यांचे सहकारी निकोलस मेट्रोपोलिस यांनी सुचवले. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी मात्र त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात रोममध्ये, न्यूट्रॉनसाठी असेच हिशेब हाताने करून पाहिले होते. त्यांनी ते छापले नाहीत इतकेच.

तेव्हा आपला पहिला प्रश्न : हा प्रयोग की हिशेब? माझ्या मते तो हिशेबच आहे, फक्त त्याचा स्वभाव प्रयोगासारखा आहे. त्यात मोजणी आहे, मोजणीतील अनिश्चितता आहे, आणि ती कमी करण्यासाठी पुन्हा पुन्हा मोजण्याचे कष्टही आहेत. अनिश्चितता निम्मी करायची तर किरण चौपट सोडावे लागतात. दहा हजारांत एकच किरण पार जात असेल तर दहा लाखांतून शंभर मिळतील, आणि शंभराच्या मोजणीत दहा टक्क्यांची चूक गृहीतच धरावी लागते. पुतण्याला हे विचारून पाहावे; त्याने आकड्यापुढे अनिश्चितता लिहिली असेल तर मुलाला काम समजले आहे.

आणि यंत्रे कशासाठी? फासा सहा बाजूंचा आहे हे आपल्याला आधीपासून ठाऊक होते, म्हणून खेळ जमला. शिशाच्या दीड मिलिमीटरमध्ये सहापैकी एक किरण अडतो हे मात्र संगणकाला कुणीतरी सांगावे लागते, आणि सांगणाऱ्याला ते प्रयोगशाळेतील मोजमापांवरून व त्यांवर पारखलेल्या सिद्धान्तावरून कळलेले असते. निरनिराळ्या ऊर्जेचे न्यूट्रॉन निरनिराळ्या अणुगर्भांवर आपटल्यावर काय होते, याचे प्रचंड तक्ते गेल्या सात-आठ दशकांत प्रयोगांतून जमवले गेले आहेत. ते नसते तर अणुभट्टीचा एकही हिशेब संगणकावर करता आला नसता. जिथे तक्ता संपतो तिथे संगणक गप्प बसत नाही. तो आत्मविश्वासाने काहीतरी उत्तर देतच राहतो, आणि धोका तिथेच असतो.

उलट बाजूनेही पाहावे. प्रयोगातील कोणताही डिटेक्टर, म्हणजे कणांची नोंद घेणारे उपकरण, सगळे कण पाहत नाही. काही कण दोन तुकड्यांच्या फटीतून निसटतात, काही इतके मंद असतात की नोंदच होत नाही. साठ कण दिसले तर प्रत्यक्षात शंभर होते की एकशेदहा, हे ठरवण्यासाठी त्या डिटेक्टरची संगणकातील हुबेहूब प्रतिकृती लागते. मूलकणांच्या क्षेत्रात त्यासाठी जिअँट-४ हा प्रोग्रॅम सर्वाधिक वापरात आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ च्या डिसेंबरात आली आणि आज कर्करोगावरील प्रोटॉन उपचारांपासून अवकाशयानांपर्यंत तो पोहोचला आहे. यंत्र उभारायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि उभारल्यावर भिंत हलवता येत नाही, म्हणून ते आधी संगणकात उभारून त्यात कण सोडून पाहतात. घर बांधण्याआधी नकाशा काढावा तसे हे आहे. फरक इतकाच, की या नकाशात पाऊसही पाडून पाहता येतो.

लोकमान्यनगरातील एका विद्यार्थ्याचे पत्र : संगणक दिलेल्या सूचनांप्रमाणेच चालतो, मग तो फासा कसा टाकतो?

उत्तर : टाकत नाही, टाकल्यासारखे करतो. एका आकड्यावर ठरावीक गणिती क्रिया करून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा अशी मालिका तो काढतो, आणि ती मालिका पाहणाऱ्याला यदृच्छ वाटते. सुरुवातीचा आकडा तोच ठेवला तर सगळी मालिका तीच येते. हा दोष वाटेल, पण प्रोग्रॅममधील चूक शोधताना हाच गुण ठरतो, कारण बिघडलेला खेळ जसाच्या तसा पुन्हा खेळता येतो. मात्र मालिका चांगली निवडावी लागते. १९६० च्या दशकात रँडू नावाची एक पद्धत आयबीएमच्या संगणकांवर सर्रास वापरली जात असे. तिचे आकडे तीन-तीन घेऊन घनाकृतीत बिंदू म्हणून मांडले, तर ते सगळीकडे विखुरण्याऐवजी फक्त पंधरा समांतर प्रतलांवर येऊन बसतात. त्या काळच्या कित्येक हिशेबांवर म्हणूनच नंतर प्रश्नचिन्ह लागले.

तिलकनगरातील एका निवृत्त अभियंत्यांचे पत्र : आपण म्हणता की आधी संगणकावर सगळे घडवून पाहतात. हिग्ज कण सापडल्यास काय दिसेल तेही संगणकानेच सांगितले, आणि मग तसेच दिसले म्हणून कण सापडला असे जाहीर केले. आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढण्यासारखे हे नाही काय?

उत्तर : आलेल्या पत्रांत मला हे सर्वांत आवडले, कारण हीच शंका या क्षेत्रातील माणसांना रात्री झोपू देत नाही, आणि त्यांच्या बऱ्याचशा पद्धती या एका शंकेपोटी जन्मल्या आहेत.

हिग्ज कणाचेच उदाहरण घेऊ. जिनिव्हाजवळच्या सर्न या मूलकण-संशोधन केंद्रातील २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे पुंजके दर २५ नॅनोसेकंदांनी एकमेकांतून जातात. यांतील बहुतेक टकरी नेहमीच्या असतात आणि त्या सगळ्या साठवणे अशक्य असते, म्हणून इलेक्ट्रॉनिक चाळणी काही मायक्रोसेकंदांत सेकंदाला लाखभर टकरी निवडते आणि संगणकांची दुसरी चाळणी त्यांतून साधारण हजारभर ठेवते. हिग्ज कण दोन फोटॉनमध्ये मोडतो तो मार्ग हजारात दोन-तीन वेळाच घडतो, पण तो ओळखायला सोपा आहे. दोन्ही फोटॉनच्या ऊर्जा आणि दिशा मोजल्या, त्यांवरून मूळ कणाचे वस्तुमान काढले आणि अशा लाखो जोड्यांचा आलेख मांडला, तर हळूहळू उतरत जाणारी एक वक्ररेषा दिसते. तीवर १२५ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जागी (कणांचे वस्तुमानही ऊर्जेच्याच एककात सांगतात) एक लहानसा उंचवटा होता. आता आपल्या आक्षेपाचे उत्तर असे, की उंचवट्याखालची ती उतरती रेषा संगणकाकडून घेतलेलीच नव्हती. उंचवट्याच्या डावी-उजवीकडच्या प्रत्यक्ष नोंदींवरून ती आखली होती. उंचवट्याचा आकार कसा असावा एवढेच प्रतिकृतीकडून घेतले होते.

तो आकार तरी बरोबर कशावरून? त्यासाठी जुना परिचित कण कामी येतो. झेड बोसॉनचे वस्तुमान ९१.१९ गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे, हे १९९० च्या दशकात याच बोगद्यातील आधीच्या यंत्राने फार बारकाईने मोजून ठेवले आहे. नवीन डिटेक्टर झेड बोसॉनला नेमका तिथेच दाखवतो का, आणि प्रतिकृतीत तो जितका पसरट दिसतो तितकाच प्रत्यक्षात दिसतो का, हे रोज तपासले जाते. जुळले नाही तर प्रतिकृती दुरुस्त करायची आणि तो फरक अनिश्चिततेच्या खात्यात जमा करायचा. आपण अभियंते आहात. नवीन काटा आधी प्रमाणित वजनावर तपासून मगच मालाला लावतात, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

याखेरीज आणखी एक उपाय आहे, तो मला जवळजवळ नैतिक शिस्तीसारखा वाटतो. विश्लेषणाचे सर्व नियम पक्के होईपर्यंत उत्तर ज्या भागात आहे तो भाग झाकून ठेवायचा. अमेरिकेतील फर्मिलॅबमध्ये म्युऑन या कणाचे चुंबकत्व मोजणाऱ्या प्रयोगात तर घड्याळाचाच वेग गुप्त ठेवला होता. तो नेमका किती हे प्रयोगाबाहेरच्या दोन व्यक्तींनाच ठाऊक होते आणि आकडा बंद पाकिटात होता. संशोधकांनी दोन-अडीच वर्षे विश्लेषण केले, सर्वांचे एकमत झाले, मग पाकीट उघडले. उत्तर कोणत्या बाजूला झुकावे अशी इच्छा कुणाच्या मनात असली, तरी तिला काही करता येऊ नये अशी ही योजना होती.

या प्रयोगाची पुढची कथा आपल्या शंकेला वेगळेच वळण देते. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा तो सैद्धान्तिक आकड्याशी जुळत नव्हता, आणि निसर्गाचा एखादा नवा कण सापडण्याची चाहूल लागली असे जगभर छापून आले. त्या सैद्धान्तिक आकड्याचा सर्वांत कठीण भाग इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या जुन्या मोजमापांवरून काढलेला होता. त्याच सुमारास एका गटाने तोच भाग महासंगणकावर, अवकाश आणि काळ यांची चौकटींची जाळी कल्पून, थेट मूळ समीकरणांवरून काढला. तो आकडा प्रयोगाच्या बराच जवळ निघाला. इतर गटांनी स्वतंत्रपणे हिशेब केले, आणि २०२५ मध्ये सैद्धान्तिकांनी आपला आकडा बदलला तेव्हा प्रयोगाशी असलेली विसंगती जवळजवळ उरली नाही. म्हणजे इथे संगणकाने ठेवलेली वस्तू प्रयोगाने शोधली असे झाले नाही. प्रयोग आपल्या जागी ठाम राहिला आणि हिशेबाच्या दोन मार्गांपैकी कोणता खरा, हा वाद मागे उरला. जुनी मोजमापे आपसांत का जुळत नाहीत, हा प्रश्न अजून उभा आहे.

वैशालीनगरातील एका डॉक्टरांचे पत्र : औषधाच्या चाचणीत योगायोगाची शक्यता विसांत एकाहून कमी असली तरी निष्कर्ष ग्राह्य धरतात. भौतिकशास्त्रज्ञांना पस्तीस लाखांत एक का लागते?

उत्तर : पाच सिग्मा म्हणतात तो हा निकष; सिग्मा म्हणजे मोजणीत योगायोगाने होणाऱ्या नेहमीच्या चढउताराचे माप. आधी त्याचा अर्थ नीट लावू, कारण वृत्तपत्रे तो हमखास उलटा लावतात. कण असण्याची शक्यता पस्तीस लाखांत पस्तीस लाख वजा एक, असे ते विधान नाही. कण नसताना, केवळ योगायोगाने, एवढा किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता सुमारे पस्तीस लाखांत एक आहे, एवढेच ते सांगते.

एवढे कडक का, याचे कारण गर्दीत सापडते. एखाद्याने नाणे दहा वेळा उडवले आणि दहाही वेळा छापा आला, तर आपण चकित होऊ. ही शक्यता १,०२४ त एक आहे. पण अनंत चतुर्दशीला झांक्या पाहायला जमलेल्या गर्दीतील हजार जणांना प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवायला सांगितले, तर निदान एकाला तरी दहा छापे येण्याची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक असते. मूलकणांचे आलेख शेकडो असतात आणि प्रत्येकात शेकडो जागी उंचवटा शोधला जातो, म्हणून कुठेतरी तीन सिग्माचा उंचवटा दिसणे जवळजवळ ठरलेलेच असते. २०१५ च्या डिसेंबरात सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांत ७५० गिगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टजवळ असा उंचवटा दिसला. अ‍ॅटलास प्रयोगात त्या एका जागेपुरता हिशेब चार सिग्माच्या जवळ जाणारा होता. सगळीकडे शोधल्याची किंमत वजा केल्यावर तो सुमारे दोनवर आला. तरीही त्यावर शेकडो सैद्धान्तिक निबंध लिहिले गेले, आणि २०१६ च्या ऑगस्टात अधिक नोंदी हाती येताच उंचवटा विरून गेला. निबंध तेवढे राहिले.

मात्र पाच सिग्मा म्हणजे अभयपत्र नाही. २०११ च्या सप्टेंबरात इटलीतील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले, की सर्नहून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण ७३० किलोमीटरचे अंतर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर कापतात. सांख्यिकीच्या हिशेबाने हा निकाल सहा सिग्माचा होता. पुढे आढळले, की घड्याळाचा संकेत आणणाऱ्या प्रकाशतंतूच्या तारेचे टोक नीट बसलेले नव्हते. मोजण्या वाढवल्याने योगायोगाची चूक कमी होते. सैल तारेची चूक तशीच राहते, उलट ती अधिक ठाशीव दिसू लागते. माझ्या दृष्टीने या क्षेत्रातील खरे कौशल्य पहिल्या प्रकारच्या चुकीत नसून या दुसऱ्या प्रकारच्या चुकीत दिसते. औषधांच्या चाचण्यांविषयी बोलायचे तर रुग्ण वाट पाहत असतो आणि हिग्ज कणाला घाई नसते. निकष वेगळे असण्याचे तेही एक साधे कारण आहे.

राजेंद्रनगरातील एका गृहिणींचे पत्र : आमचे घर कॅट रोडजवळ आहे. कॅटमध्ये अणुभट्टी आहे असे शेजारी म्हणतात. आम्हाला किरणोत्सर्गाचा धोका आहे का?

उत्तर : तेथे अणुभट्टी नाही. संस्थेचे नाव आता राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र असले तरी इंदूरकरांच्या तोंडी ती कॅटच राहिली आहे. तिथे लेसरवर काम होते आणि इंडस-१ व इंडस-२ ही दोन वर्तुळाकार यंत्रे आहेत, ज्यांत इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात. इंडस-२ चा परीघ सुमारे १७२ मीटर आहे. एक इलेक्ट्रॉन त्यात सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतो आणि वळताना क्ष-किरण सोडतो. ते किरण धातू, प्रथिने, औषधे यांची अंतर्गत रचना पाहण्यासाठी वापरतात. नवे मूलकण शोधण्याचे यंत्र ते नाही. पण सर्नच्या बोगद्याशी या केंद्राचा संबंध आहे : तेथील तीस टनांहून जड चुंबक ज्या सुमारे ६,८०० जॅकवर अचूक तोलून ठेवले आहेत, त्यांची आखणी इथली आहे.

झोतातून भरकटलेला इलेक्ट्रॉन नळीच्या भिंतीवर आपटला तर गॅमा किरण निघतात, आणि त्या गॅमा किरणांची ऊर्जा पुरेशी असेल तर अणुगर्भांतून न्यूट्रॉनही उडतात. म्हणून अशी यंत्रे जाड काँक्रीटच्या आवरणात असतात. आवरण किती जाड हवे, दरवाजाचा बोळ किती वेळा वळवायला हवा, हे पहिल्या पत्राच्या उत्तरातील फाशाच्या खेळानेच ठरवतात. फ्लुका किंवा एमसीएनपी यांसारखे प्रोग्रॅम जगभर त्यासाठी वापरले जातात, आणि यंत्र सुरू झाल्यावर मोजणी-उपकरणे लावून हिशेब पडताळला जातो. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या इंधनात उष्णता आणि किरणोत्सार पुष्कळ काळ राहतो. इथे वीज बंद होताच झोत क्षणार्धात संपतो आणि त्याबरोबर जवळजवळ सगळा किरणोत्सर्गही. काही धातूच्या भागांत अल्पसा उरतो, तो आवरणाच्या आतच. आपल्या घरापर्यंत त्यातले काही पोहोचण्याचे कारण नाही. आपल्या घराच्या विटांमधील पोटॅशियम आपल्याला किंचित किरणोत्सर्ग देत असते, आणि तो कॅट इथे येण्यापूर्वीही होता.

महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचे पत्र : मोजणी आणि संगणक दोन्ही वापरता येतील असा एखादा प्रयोग कमी खर्चात करता येईल का?

उत्तर : करता येईल. आकाशातून सतत म्युऑन बरसत असतात. जमिनीवर आडव्या धरलेल्या एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक जातो. गायगर-म्युलर नळ्या, म्हणजे आतून कण किंवा किरण गेला की वाजणाऱ्या नळ्या, दोन घ्याव्यात, एकीवर एक ठेवाव्यात, आणि दोन्ही एकाच वेळी वाजल्या तरच नोंद करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल जोडावे. एकाच वेळी वाजण्याची ही युक्ती जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर बोटे यांची, आणि १९५४ चे नोबेल पारितोषिक त्यांना तिच्यासाठीच मिळाले. एकटी नळी विटांमधील गॅमा किरणांनीही वाजते, पण सलग दोन नळ्या ओलांडणारा प्रायः म्युऑनच असतो. दोन्ही नळ्या सेकंदाला सरासरी एकदा वाजत असतील आणि ‘एकाच वेळी’ म्हणजे १०० मायक्रोसेकंदांच्या आत असे ठरवले असेल, तर निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या नोंदी तासाला एकाहूनही कमी येतात.

मग नळ्या उभ्या दिशेपासून थोड्या थोड्या अंशांनी कलत्या करून दर वेळी मोजणी करावी. क्षितिजाकडून येणाऱ्या म्युऑनना वातावरणाचा फार मोठा थर ओलांडावा लागतो, म्हणून मोजणी घटत जाईल, साधारण कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे. त्याच वेळी संगणकावर त्या नियमाने लाखभर म्युऑन सोडावेत, दोन्ही नळ्यांची खरी मापे आणि त्यांतील खरे अंतर द्यावे, आणि किती म्युऑन दोन्हींतून जातात ते मोजावे. नळ्या बारीक आणि लांब असल्यामुळे त्या एकाच दिशेचे म्युऑन पाहत नाहीत, पुष्कळ दिशांचे एकदम पाहतात. त्यामुळे आपली मोजणी पाठ्यपुस्तकातील कोसाइन-वर्गाशी तंतोतंत जुळणार नाही. ती प्रतिकृतीशी जुळते का ते पाहायचे आहे.

नोंदी प्रामाणिकपणे ठेवाव्यात हे सांगायची गरज नसावी, तरी एक आठवण लिहितो. मी शिकवत असताना गायगर गणकाच्या प्रात्यक्षिकात एका विद्यार्थ्याच्या वहीत सलग दहा नोंदी ३९८ ते ४०२ यांच्या दरम्यान आढळल्या. मुलगा खूश होता, कारण नोंदी इतक्या एकसारख्या होत्या. पण चारशेच्या मोजणीत वीसचा चढउतार नैसर्गिक असतो. दहांपैकी तीन-चार नोंदी ३८० च्या खाली किंवा ४२० च्या वर असायला हव्या होत्या. त्याने पहिली नोंद घेतली होती आणि उरलेल्या नऊ वसतिगृहात बसून लिहिल्या होत्या. तुमच्या प्रयोगात दोन्ही नळ्या ओलांडणाऱ्या नोंदी मिनिटाला एखादीच किंवा त्याहूनही कमी येतील, म्हणून प्रत्येक कोनाला एक पूर्ण रात्र द्यावी, आणि नळ्यांमधील अंतर मिलिमीटरमध्ये पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, कारण संगणक ते विचारणार आहे आणि तोवर नळ्या कुणीतरी हलवलेल्या असतील.